इंग्रजीचा विभाग : आयातीचा की निर्यातीचा?

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाच्या विवाहाची एक रम्य कथा आहे. सरस्वतीचा हा पुत्र रुसून घराबाहेर पडला. त्याला वळवून आणण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि तिला त्याच्या मागे धाडले. पूर्व, पांचाल, अवंती असे देश पालथे घालीत दोघे दक्षिणेकडे आले. प्रत्येक प्रदेशात वधूचा वेष बदलला, नृत्य बदलले, बोलण्याची रीत बदलली. अखेर विदर्भातील वत्सगुल्म नावाच्या नगरात काव्यपुरुषाने तिचे पाणिग्रहण केले. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या एका श्रेष्ठ साहित्यशास्त्रकाराने काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न जेथे लावले, त्या गावात आज इंग्रजी साहित्याचे वर्ग भरतात. कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथेही भरतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे तेथे शेक्सपिअर शिकवला जातो, वर्ड्‌स्वर्थ शिकवला जातो, समीक्षेच्या अभ्यासात ॲरिस्टॉटलची ओळख करून दिली जाते. यात वावगे काहीच नाही. ज्ञान कोणत्याही दिशेने यावे, ही तर आपलीच शिकवण. परंतु ज्याच्या गावाचे नाव साहित्यशास्त्राच्या इतिहासात कोरलेले आहे, त्या विद्यार्थ्याला हे नाव इंग्रजीच्या वर्गात कधी ऐकू येते काय? आणि येत नसेल, तर त्या विभागाने पदवी दिली ती कोणत्या साहित्याच्या जाणकाराला?

हा प्रश्न आजच विचारण्यास कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवीचा नवा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात भारतीय ज्ञानप्रणालीला स्वतंत्र श्रेयांक आहेत, क्षेत्रीय प्रकल्पाला जागा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला आणि तिच्याबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दारे उघडली आहेत. त्यांतून जावयाचे ते मराठी आणि संस्कृतच्या विभागांनीच, इंग्रजीच्या विभागांनी बाजूला उभे राहून पाहावयाचे, असा समज मात्र अनेकांच्या मनात घर करून आहे. तो समज तपासून पाहिला पाहिजे.

आधी वसाहतीत, मग विलायतेत

इंग्रजी साहित्य हा विद्यापीठीय विषय म्हणून मुळात इंग्लंडमध्ये जन्माला आला आणि तेथून भारतात आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली आणि येथील तरुण इंग्रजी कवी-नाटककारांवर परीक्षा देऊ लागले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र विद्याशाखा सुरू व्हावयास एकोणिसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. केंब्रिजला तर १९१७ सालापर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत तेथील विद्वानांच्या लेखी ग्रीक आणि लॅटिन हेच खरे साहित्य होते. जे स्वतःच्या मुलांना शिकविण्याची इंग्लंडला घाई नव्हती, ते आपल्या मुलांना शिकविण्याची घाई का झाली?

गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या ग्रंथात याच प्रश्नाचा मागोवा घेतला. धर्मप्रसार उघडपणे करणे राज्यकर्त्यांना राजकीयदृष्ट्या धोक्याचे वाटत होते. तेव्हा इंग्रजांची नीती, त्यांचे श्रेष्ठत्व आणि त्यांची जीवनदृष्टी साहित्याच्या वाटेने मनात उतरवावी, असा तो विचार होता. फेब्रुवारी १८३५ मधील मेकॉलेचे टिपण सर्वांना ठाऊक आहे. पण त्या टिपणाच्या मागे आणि पुढे एक संपूर्ण यंत्रणा उभी होती. इंग्रजीचा वर्ग ही त्या यंत्रणेची महत्त्वाची चौकी होती.

मात्र इतिहासाची गंमत अशी, की चौकी ज्यांच्यासाठी उभारली त्यांनीच ती ताब्यात घेतली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी ‘वाघिणीचे दूध’ हे शब्द कायमचे जोडले गेले आहेत. निबंधमालेतून स्वभाषेचा आणि स्वदेशाचा अभिमान पेटविणाऱ्या त्या लेखणीने इंग्रजी ग्रंथांचे भरपूर पोषण घेतले होते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणला, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. दूध वाघिणीचे घेतले, पण वाढले ते आपले शरीर, हे या पिढीचे वैशिष्ट्य होते.

बदल आले, पण बाहेरून

वऱ्हाडातील उच्च शिक्षणाला नागपूर विद्यापीठाचे छत्र १९२३ साली लाभले. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १ मे १९८३ रोजी. वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. प्रशासनाच्या सीमा अशा बदलत गेल्या. इंग्रजीच्या विभागांतही बदल झाले, नाही असे नाही. चॉसरपासून एलियटपर्यंतच्या जुन्या रस्त्याला फाटे फुटले. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था आणि १९६४ साली अमेरिकी अध्ययनाचे केंद्र निघाले. त्या सुमारास अमेरिकी साहित्य देशभरातील अभ्यासक्रमांत शिरले. पुढे भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेल्या साहित्याला मान मिळाला. त्यानंतर पॅरिस आणि अमेरिकेतून साहित्यसिद्धान्तांची लाट आली. मग जागतिकीकरण आले आणि ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा विषय साहित्याला कोपऱ्यात ढकलून वर्गाच्या मध्यभागी येऊन बसला.

या प्रत्येक बदलाचा काही ना काही लाभ झाला. परंतु सर्व बदलांत एक गोष्ट समान होती. माल प्रत्येक वेळी बाहेरून आला आणि विभागाने तो विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविला. विभागाची भूमिका आयातदाराची राहिली. ज्या काळात आयात होणारी वस्तू विलायती होती त्या काळातही आणि ती क्रांतिकारक म्हणविणारी होती त्या काळातही, या भूमिकेत फरक पडला नाही. वसाहतवादावर कठोर टीका करणारे सिद्धान्तसुद्धा विलायती विद्यापीठांची मोहोर लागल्यावरच येथे शिकविण्यायोग्य ठरले, याहून बोलके उदाहरण कोणते?

यशाची मोजमापेही अशीच परकी आणि कागदी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक पद्धती आणली. शोधनिबंध मोजले जाऊ लागले आणि मोजण्यासाठी शोधनिबंध लिहिले जाऊ लागले. पैसे भरले की छापून देणाऱ्या नियतकालिकांचे देशभर पीक आले. मे २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्यताप्राप्त सूचीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्यानंतर ‘केअर’ नावाची नवी सूची आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही रद्द झाली. एवढ्या उलाढालीत वाशीमच्या किंवा मानोऱ्याच्या मुलाला इंग्रजी अधिक चांगले येऊ लागले का, हा साधा प्रश्न कोणत्याही सूचीत नव्हता.

दुसरीही परंपरा आहे

याचा अर्थ इंग्रजीच्या प्राध्यापकांनी या देशासाठी काही केले नाही, असा मुळीच नाही. उलट आधुनिक भारतीय साहित्याचा इतिहास इंग्रजीच्या प्राध्यापकांना वगळून लिहिताच येणार नाही. ज्ञानपीठ पुरस्काराच्या मानकऱ्यांची यादी पाहावी. फिराक गोरखपुरी (१९६९), विनायक कृष्ण गोकाक (१९९०), यू. आर. अनंतमूर्ती (१९९४), विंदा करंदीकर (२००३), भालचंद्र नेमाडे (२०१४) : या पाचही जणांनी इंग्रजी शिकविण्यात आयुष्याचा मोठा काळ घालविला, पण त्यांचा गौरव झाला तो उर्दू, कन्नड आणि मराठीतील लेखनासाठी. हरिवंशराय बच्चन यांनी केंब्रिजमध्ये येट्‌स या कवीवर प्रबंध लिहिला आणि हिंदी कवितेला आयुष्य वाहिले. श्रीअरविंद बडोद्याच्या महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. राष्ट्रजागृतीचे रणशिंग फुंकण्यापूर्वी तेथेच त्यांनी भारतीय भाषा आणि संस्कृत वाङ्मय आत्मसात केले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तरी चित्र तेच आहे. विंदांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, ‘राजा लिअर’ आणि ‘फाउस्ट’ मराठीत आणले. मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख असलेले रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी साहित्य शिकवीत होते. ‘वाडा चिरेबंदी’त त्यांनी उभा केला तो विदर्भातील खेड्यातला ढासळता वाडा. नेमाड्यांची सर्व मते पटतीलच असे नाही, पण परक्या निकषांनी आपले साहित्य मोजू नये हा त्यांचा आग्रह इंग्रजीच्या वर्गातूनच पक्का झाला. गणेश देवी यांच्या राजकीय भूमिकांशी अनेकांचा तीव्र मतभेद आहे. तरीही बडोद्याच्या विद्यापीठातील इंग्रजीचे अध्यापन सोडून त्यांनी देशाच्या लहान-मोठ्या भाषांची नोंद करण्याचे काम हाती घेतले, हे मान्य केलेच पाहिजे.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या ठिकाणी, जेथील वैचारिक हवा वेगळी होती, प्रा. कपिल कपूर यांनी इंग्रजीच्या विद्यार्थ्यांपुढे भरत, भर्तृहरी आणि आनंदवर्धन ठेवले. भारतीय साहित्यसिद्धान्तांवरील त्यांचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. २०२३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा इंग्रजीच्या एका प्राध्यापकाने चार दशके चालविलेल्या या कामाला राष्ट्राने दाद दिली. आयोगाच्या २०१५ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंग्रजी विशेष पदवीचा पहिलाच पेपर भारतीय अभिजात साहित्याचा होता. शाकुंतल आणि मृच्छकटिक त्यात होते. एका पिढीपूर्वी हे कोणी सुचविले असते तर त्याची थट्टा झाली असती.

तेव्हा इंग्रजीच्या विभागाचे स्वरूप परकेच राहिले पाहिजे असे कोणतेही विधिलिखित नाही. ते बदलते, बदलले आहे. प्रश्न एवढाच, की हा बदल दिल्ली-मुंबईच्या मोजक्या प्रतिभावंतांपाशी थांबणार, की जिल्ह्याच्या महाविद्यालयातील चाळीस बाकांच्या वर्गापर्यंत जाणार?

पायाखालचे धन

वाशीम जिल्ह्याचे नाव देशाने २०१८ साली ऐकले ते आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत. विकासाच्या निकषांवर मागे राहिलेल्या देशातील जिल्ह्यांची ती यादी होती आणि महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशीम होते. ते आकडे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जिल्ह्याची दुसरीही एक नोंदवही आहे.

वाशीम येथे १९३९ साली वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील या ताम्रपटाचा वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. सोळाशे वर्षांपूर्वीचे वाशीम दोन भाषांत कारभार करीत होते. विद्वानांची भाषा आणि व्यवहाराची भाषा एकाच पत्र्यावर सुखाने नांदत होत्या. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या ‘हरिविजय’ काव्याचा उल्लेख आनंदवर्धनाने केला आहे. काव्य आज उपलब्ध नाही, पण काश्मीरच्या आचार्याला वाशीमचा राजकवी ठाऊक होता, एवढी त्याची कीर्ती होती. वैदर्भी रीतीला राजशेखराने ‘वच्छोमी’ म्हटले, ते वत्सगुल्मावरूनच. याच राजशाखेच्या काळात अजिंठ्याची काही श्रेष्ठ लेणी कोरली गेली.

कारंज्याचे उदाहरण इंग्रजीच्या विभागांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान दत्तभक्तांना परिचित आहे. तेथील जैन ग्रंथभांडारांत शतकानुशतके जपलेली हस्तलिखिते जगाला कशी कळली? रायबहादूर हीरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे डॉ. हीरालाल जैन आणि पुण्याचे डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ यांसारखे अपभ्रंश ग्रंथ इंग्रजी प्रस्तावनांसह संपादित केले. ग्रंथमालेवर नाव होते कारंज्याचे. मराठी आणि हिंदी ज्या भाषिक अवस्थेतून घडल्या ती अवस्था समजून घेण्यासाठी जगभरातील अभ्यासकांनी कारंज्याचे हे ग्रंथ उघडले. हे शक्य झाले, कारण हाती असलेल्या इंग्रजीचा उपयोग त्या विद्वानांनी आपले धन बाहेर नेऊन दाखविण्यासाठी केला. ज्या वऱ्हाडात नव्वद वर्षांपूर्वी हे झाले, तेथे आज ते अशक्य का वाटावे?

आणखी एक उदाहरण थोडे बोचरे आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे पीठ, मराठी गद्याचे माहेर. येथेच आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रसिद्ध झाले. ते केले ॲन फेल्डहाउस या अमेरिकी विदुषीने. त्यांच्या परिश्रमांबद्दल आदरच व्यक्त केला पाहिजे. परंतु रिद्धपूर ज्यांच्या उंबरठ्यावर आहे, ज्यांना इंग्रजी येते आणि ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते, अशा शेकडो पदवीधरांना हे काम आपले आहे असे वाटले नाही, हा दोष त्या पदवीधरांचा नव्हे. त्यांच्या शिक्षणात हे काम कधी सांगितलेच गेले नव्हते.

आणि हे केवळ जुन्या ग्रंथांपुरते नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीला स्वतःची लिपी नाही. तिची संपत्ती लेंगी गीतांत आणि वृद्धांच्या स्मरणात आहे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात वऱ्हाडीची आणि लभाणीची नोंद करून ठेवली. इंग्रज अधिकाऱ्याने नोंद केली त्याला शंभरावर वर्षे झाली. तांड्यावरून महाविद्यालयात येणारा मुलगा आता त्याच भाषेचा जाणकार म्हणून इंग्रजीच्या वर्गात बसलेला आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही.

वर्गात काय करता येईल?

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाला इंग्रजी हवे ते नोकरीसाठी. मुलाखतीत चार वाक्ये धड बोलता यावीत, अर्ज लिहिता यावा, ही त्याची निकड. त्याला वत्सगुल्म आणि वच्छोमी सांगून काय उपयोग? शासनाने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले ते याच निकडीपोटी. दवाखान्यातून मिळालेला कागद, विम्याची अट, बँकेची नोटीस घरातील शिकल्या-सवरल्या मुलाने वाचून सांगावी, ही आईबापांची अपेक्षा अगदी रास्त आहे.

परंतु ही निकड आजच्या पद्धतीने भागते का? बी.ए.च्या तिन्ही वर्षांत अनिवार्य इंग्रजी अभ्यासूनही कित्येक विद्यार्थी स्वतःचे एक वाक्य रचू शकत नाहीत, हे प्रत्येक प्राध्यापक खासगीत मान्य करतो. कारण उघड आहे. परीक्षा होते ती गाइडातील उत्तराची. जे दृश्य डोळ्यांसमोर नाही, जो अनुभव आपला नाही, त्याविषयी दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये पाठ करून भाषा येत नसते. भाषा येते ती स्वतःला काही सांगावयाचे असते तेव्हा.

समजा, विद्यार्थ्याला सांगितले, आजीकडून जात्यावरची एक ओवी किंवा तांड्यावरचे एक गीत ऐकून ये, देवनागरीत लिहून काढ, प्रमाण मराठीत उतरव आणि मग इंग्रजीत सांग. ओवीतली लेक विहिरीवर जाते. इंग्रजीत लिहिताना त्याला थांबावे लागते : ‘ए’ विहीर की ‘द’ विहीर? कोणतीही एक, की गावातली ती ठरलेली? ज्या उपपदांचे नियम दहा वर्षे पाठ करूनही कळले नाहीत, ते आजीच्या विहिरीपाशी एका क्षणात कळतात. मग तो शेताकडे वळतो. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, कणसांची खुडणी. इंग्रजीत सर्वांना एकच ‘हार्वेस्ट’ पुरेल का? हंगाम सरल्यावर पऱ्हाटीच्या शेताची उलंगवाडी होते, तिला काय म्हणावे? शब्द शोधता शोधता त्याचा इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो. आणि आपली वऱ्हाडी म्हणजे अडाण्यांची बोली, ही लहानपणापासून मनात बसलेली लाजही गळून पडते. प्रमाण मराठीच्या वर्गात गप्प बसलेला आणि इंग्रजीच्या वर्गात मान खाली घातलेला मुलगा येथे प्रथमच जाणकार ठरतो. प्राध्यापकाला माहीत नसलेले काहीतरी त्याला माहीत असते.

या विद्यापीठाला हे अधिक शोभून दिसेल. २००५ पासून ज्यांचे नाव त्याने धारण केले ते संत गाडगेबाबा वऱ्हाडीत बोलत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. अशी अध्यापनपद्धती विलायतेहून मागविण्याची गरज नाही.

नोकरीचा विचार केला तरी अनुवादाचे कौशल्य वाया जात नाही. न्यायालये, बँका, प्रसारमाध्यमे, प्रकाशन, शासनाचे विभाग यांना दोन्ही भाषांत नेमके लिहिणारी माणसे हवी आहेत. भारतीय भाषांत पाच वर्षांत २२,००० पुस्तके तयार करण्याचा ‘अस्मिता’ प्रकल्प जुलै २०२४ मध्ये जाहीर झाला. देशातील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची ‘ज्ञान भारतम्’ योजना २०२५ च्या अर्थसंकल्पात आली. केंद्राची ‘भाषिणी’ योजना २०२२ पासून भारतीय भाषांसाठी अनुवादाची यंत्रसाधने विकसित करीत आहे. यंत्र अनुवाद करणार असेल तर माणसाची गरज काय, असे विचारले जाते. यंत्र शिकते ते माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. वऱ्हाडीचा आणि गोरमाटीचा तपासलेला, अर्थासह लिहिलेला मजकूर जोवर कोणी तयार करीत नाही, तोवर यंत्रालाही या भाषा मुक्याच. तो मजकूर तयार करण्यास इंग्रजीच्या विभागाहून योग्य जागा कोणती?

घोषणेपुरते नको

या मार्गात अडथळे आहेत आणि ते सर्वच परक्यांनी निर्माण केलेले नाहीत. पहिला अडथळा माणसांचा. राज्यभर महाविद्यालयांतील कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या भरवशावर विभाग चालतात. ज्याला पुढील वर्षी आपण येथे असू की नाही याची खात्री नाही, त्याच्याकडून गावोगाव फिरून बोलीचे संकलन करून घेण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. भारतीय ज्ञानपरंपरेचा गौरव करणाऱ्या शासनाने ती परंपरा शिकविणाऱ्याच्या वेतनाचीही चिंता वाहिली पाहिजे. गुरुपौर्णिमेला हार घालून ही जबाबदारी संपत नाही.

दुसरा अडथळा उत्साहाचा आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. भारतीय ज्ञानप्रणालीचे दोन श्रेयांक आले की त्यांचेही गाइड निघते. ‘रससिद्धान्त स्पष्ट करा’ या प्रश्नाचे दहा मुद्द्यांचे उत्तर पाठ करणारा विद्यार्थी आणि ‘कथार्सिस स्पष्ट करा’चे उत्तर पाठ करणारा विद्यार्थी यांत गुणात्मक फरक काही नाही. मेकॉलेच्या जागी भरतमुनींचे नाव लिहून घोकंपट्टी तशीच चालू राहिली, तर तो भरतमुनींचा सन्मान नव्हे. आपल्याकडे सारे होतेच, असे सांगून अभ्यास टाळण्याची सवय आणि आपल्याकडे काहीच नव्हते, असे मानून नक्कल करण्याची सवय, दोन्ही आळसाचीच रूपे आहेत. हीरालाल जैनांनी कारंज्याच्या ग्रंथांचे केवळ गुणगान केले नाही. पोथ्या ताडून पाहिल्या, पाठभेद नोंदविले, शब्दकोश केले. अभिमानाला अशी मेहनत जोडली, तेव्हा जगाने दखल घेतली.

तिसरा अडथळा भिंतींचा. इंग्रजी, मराठी, संस्कृत, इतिहास हे विभाग एकाच इमारतीत असूनही एकमेकांच्या वर्गात जात नाहीत. राजशेखराच्या कथेतील वधू प्रत्येक प्रदेशात वेष बदलीत होती, वत्सगुल्मापर्यंत पोहोचेतो तिने अर्धा देश पाहिला होता. आजची साहित्यविद्या मात्र मधली व्हरांडाही ओलांडत नाही.

करावयाचे काम अवाढव्य नाही. क्षेत्रीय प्रकल्पाची तरतूद नव्या आराखड्यात आहेच. वाशीम जिल्ह्यातील सहा तालुक्यांच्या महाविद्यालयांतील इंग्रजीच्या विभागांनी ते प्रकल्प अनुवादासाठी आणि बोलीच्या नोंदीसाठी द्यावेत. एका वर्षी ओव्या, दुसऱ्या वर्षी लेंगी गीते, तिसऱ्या वर्षी शेतीचा शब्दकोश, असा क्रम ठरवावा. मराठीच्या प्राध्यापकाने मूळ पाठ तपासावा, इंग्रजीच्या प्राध्यापकाने अनुवाद. ज्या आजीने गीत सांगितले तिचे नाव, तिची संमती घेऊन, संकलनावर असावे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने या कामाला परीक्षेत गुण द्यावेत आणि चांगले संकलन छापून काढावे. कारंज्याची भांडारे, पोहरादेवीचे संग्रहालय, रिद्धपूरचे विद्यापीठ यांच्याशी करार करावेत. पाच वर्षांनी मूल्यमापन समिती येईल, तेव्हा किती परिसंवाद झाले याच्या फायलीबरोबर पाच छापील पुस्तके तिच्यापुढे ठेवता येतील.

जिल्ह्यातील पालकांनाही येथे काम आहे. मुलीने इंग्रजी साहित्य घेतले की ‘याने नोकरी कोणती?’ असे विचारणाऱ्या घरांनी तिला दुसराही एक प्रश्न विचारावा : तुझ्या या इंग्रजीत आपल्या गावाबद्दल तू काय लिहिलेस? ती जे उत्तर देईल त्यावरून तिच्या विभागाची प्रगती कोणत्याही मानांकनापेक्षा अधिक स्वच्छ दिसेल.